आंबट थंडी

पौष लागला की सोलापूरची हवा आंबते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून पटत नाही. त्याच्या हिशेबी सोलापूरला ऋतू एकच, उन्हाळा, आणि वासही एकच, गिरणीच्या धुराचा. पण पहाटेचा वारा बोचायला लागला, शिवारात ज्वारीची कणसं दुधाने भरली, की एक आंबटसर वास गल्लीबोळातून हिंडू लागतो. तो नेमका कुठून येतो हे शोधत मी निम्मं आयुष्य नाक वर करून चाललो आहे. कधी तो ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांवर बांधलेल्या मडक्यांतून येतो. कधी कुणाच्या तरी चुलीशी झाकून ठेवलेल्या आंबिलीचा असतो. आणि कधी विणकरांच्या गल्लीत रस्ताभर ताणलेल्या सुताला जी खळ लावतात, त्या शिळ्या पेजेचा असतो. वास तीन, पण नाकात शिरताना तिघांनीही एकच मुखवटा घातलेला असतो.

यंदाही तो आला. परवा सकाळी दात घासता घासता माझा हात थांबला. आत स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि रखमाचा आवाज आला, "आंबील हाय. चुलीम्होरंच झाकून ठेवलीया. उगा नाक फुगवू नगा."

नवऱ्याने बायकोचं नाव लेखात घालू नये म्हणतात. पण मी आता अशा वयाला आलो आहे की नावं लपवून काही झाकलं जात नाही हे कळलं आहे. शिवाय या लेखात तिच्याशिवाय दुसरं आहे तरी काय?

मी गिरणीत कापड तपासायचो. मागावरून उतरलेलं ठाण खिडकीच्या उजेडासमोर लाकडी दांडीवरून हळूहळू ओढायचं. तुटका दोरा, गाठ, तेलाचा ठिपका, विरळ पडलेली पट्टी दिसली की तिथे लाल खडू टेकवायचा. कापड कितीही चांगलं असो, माझ्या डोळ्यांना त्यातलं चांगलं दिसायचंच नाही. दिसायचा तो डाग. विणकर मला तोंडावर 'मास्तर' म्हणत आणि पाठ वळली की 'डागवाला'. मला दोन्ही ऐकू यायचं. अमका माणूस भला आहे असं कुणी म्हटलं की माझी बोटं आपोआप खिशातला खडू चाचपायची.

आणि मी प्यायचो. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. बोललो तेही एकदाच, बायकोपुढे शपथा घेताना, आणि तिथेही खरं तेवढंच बोललो असं नाही.

शिंदी थंडीतलीच. ऊन पडायच्या आत उतरवली तर ती नुसती गोड. लहान मूल प्यालं तरी चालावं अशी. मग दिवस वर येतो तशी ती फसफसायला लागते, दुपारी आंबते, आणि गिरणीचा भोंगा होईपर्यंत रस्त्यापर्यंत हाका मारायला लागते. मी कधी गटारात पडलो नाही, कुणाला शिवी दिली नाही, कामावर खाडा केला नाही. त्यामुळे मी पितो हे पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. मी प्यालो की शांत व्हायचो आणि तपासायला लागायचो. एका दिवेलागणीला मी घरी आलो, रखमाची लुगडी पेटीतून काढली आणि एकेक करून चिमणीच्या उजेडासमोर धरली. हा डाग कसला? ही पट्टी इथेच का विरली? हे लुगडं नेसून कुठे गेली होतीस? ती दाराला पाठ लावून उभी होती. आमची मुलगी तिच्या पदरात तोंड खुपसून होती. मी ओरडत नव्हतो. तिने नंतर एकदा म्हटलं, "वरडला असता तर बरं झालं असतं."

सकाळ झाल्यावर ती पोरीला घेऊन मोहोळला माहेरी गेली. मी मागोमाग गेलो, शपथा घेतल्या. सासऱ्यांच्या ओसरीवर ती खाली मान घालून शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा शबुद नगं. तुमच्याबद्दल दुसऱ्या कुनाचा आना. संक्रांतीपतुर वाट बगते. मग पोरीला हितल्या साळंत घालते."

दुसऱ्या कुणाचा शब्द! माझ्याबद्दल चांगला शब्द देईल असा माणूस सोलापुरात शोधायचा म्हणजे माझ्यासारख्याला किती अवघड, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

सोमवारचं कापड गिरणीत लगेच ओळखू येतं. रविवारची सुट्टी विणकराच्या हातात उतरलेली असते. दोरे जास्त तुटतात, गाठी बेढब बसतात. माझा खडू सोमवारच्या ठाणांवरच सगळ्यात जास्त झिजायचा. त्या थंडीत एका मागाचं सोमवारचं कापड मात्र एकाएकी स्वच्छ यायला लागलं. तो माग नरसय्याचा होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा तेलुगू विणकर. रविवारी त्याला शिंदीच्या दुकानात मी स्वतः कितीदा पाहिला होता, कारण मीही तिथेच असायचो. आनंद वगैरे काही वाटला नाही मला. संशय आला. मी सरळ त्याच्या मागाशी जाऊन उभा राहिलो.

"नरसय्या, सोमवारी तुझ्या मागावर दुसरं कोण बसतं?"

"मीच बसतो की, मास्तर."

"खरं सांग."

त्याने मागावरचा धोटा हातात घेतला, त्याच्या नेढ्याला तोंड लावून दोरा ओढून घेतला आणि मग म्हणाला, "तुमचा खडू झिजंना म्हनून झोप येत न्हाई का तुमाला? ऐतवारी रेवनप्पाच्या वखारीत या. बघा."

रेवणप्पाची वखार! हे ऐकून तर मी सावध झालो. लाकडाची वखार ती अलीकडची. त्याआधी त्याच जागी रेवणप्पाचं शिंदीचं दुकान होतं, आणि तिथल्या भिंतीला टेकून टेकून माझ्या सदऱ्याची पाठ मळली होती. काल शिंदी विकणारा माणूस आज पिणाऱ्यांना गोळा करून न पिण्याचं शिकवतो? यात त्याचं काय? गल्लीत तर नाना तऱ्हा ऐकायला येत होत्या. कुणी म्हणे आतून संपाची तयारी चालते. कुणी म्हणे पाद्री येतो. एका बाईने आपल्या नवऱ्याला तिथे जायची बंदी केली होती, कारण तिच्या मते दुकान बंद झालंच नव्हतं, नुसती पाटी बदलली होती. मला हे सगळंच खरं वाटायचं, एकाच वेळी.

तरी गेलो. शपथांना जागा उरली नव्हती आणि संक्रांत जवळ येत होती.

वखारीत बाभळीच्या ओंडक्यांवर पाच-सात माणसं बसली होती. दुपारचं ऊन फळ्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी आत आलेलं. लाकूड तोलायचा मोठा काटा मधोमध लोंबत होता आणि त्याच्या एका पारड्यात गुळाचा खडा आणि फुटाणे ठेवलेले. मी आत पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल एवढ्याने, "सायबाचा मानूस."

"येऊ द्या की," रेवणप्पा म्हणाला. जाडजूड, कपाळाला विभूती, दुकानात बसताना होता तसाच आवाज. "सायबाचा असला तरी मडकं आमच्यातलंच प्याला न्हवं. बसा मास्तर. जुनं गिऱ्हाईक हाय तुमी."

सगळे हसले. मी हसलो नाही.

तिथली रीत मला आजही जगावेगळी वाटते. आपल्याबद्दल आपण बोलायचं नाही. मी सोडली, मी सुधारलो, मी पुन्हा घसरलो, यातला एकही शब्द स्वतः उच्चारायचा नाही. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला. आठवडाभर त्याने तुमच्यावर नजर ठेवायची, रविवारी सगळ्यांदेखत तुमच्या तोंडाचा वास घ्यायचा, आणि तुमच्याबद्दल जे सांगायचं ते त्यानेच. वास नसला तर म्हणायचं, "कोरा." असला तर म्हणायचं, "कोरा न्हाई." ज्याच्याबद्दल तसं म्हटलं गेलं, त्याने उठून दाराशी जायचं, नव्या माणसांत बसायचं, आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. त्याच्या घरी जाऊन रेवणप्पा स्वतः सांगून यायचा.

"आपल्याबद्दल आपण का नाही बोलायचं?" मी विचारलं.

"मी दुकानात बसत होतो की मास्तर," रेवणप्पा म्हणाला. "रोज ऐकत होतो. उद्यापास्नं सोडली, उद्यापास्नं सोडली. माझा सख्खा भाऊसुद्धा तेच म्हनत म्हनत माझ्याच दुकानात पिऊन मेला बघा. आपल्याबद्दल बोलनाऱ्या मानसावर माझा इश्वास न्हाई आता."

त्याचं कारण एवढंच होतं. पण मला ते पुरलं नाही. एवढं साधं कारण असेल यावर माझा विश्वास बसेना. मी रविवारमागून रविवार तिथे जात राहिलो आणि काट्याच्या पारड्यातले फुटाणे खाता खाता यांचा खरा बेत काय हे शोधत राहिलो.

माझा जोडीदार म्हणून रेवणप्पाने नरसय्याला नेमलं, आणि त्याचा म्हणून मला. टाळ्याच पडल्या. "आता डागवाल्याचे डाग इनकर काढनार!" एकजण म्हणाला. नरसय्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी मी ठाणाकडे बघतो तसं, उजेडासमोर धरून. पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाशी नाक आणलं तेव्हा मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. बापानेसुद्धा इतक्या जवळून मला कधी पाहिलं नव्हतं. त्याने दमाने श्वास घेतला, मागे सरला आणि म्हणाला, "कोरा."

मी घरी चालत आलो. वाटेत शिंदीची दोन दुकानं लागली. आत माणसं हसत होती. अंगावर नवं कापड घातलं की कसं चालताना जपून चालतो आपण, तसा मी जपून चाललो.

अशी ती थंडी चालली होती. सकाळी अंगाला तेल लावलं तरी कातडी फुटायची. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी पाळणेवाल्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. गिरणीत मी डाग शोधायचो आणि संध्याकाळी भोंग्यानंतर फाटकाशी नरसय्या उभा दिसायचा. बोलायचा नाही. माझ्याबरोबर घरापर्यंत चालायचा आणि वळायचा. मला तेही सरळ वाटायचं नाही. हा रोज का येतो? रेवणप्पाने पाठवलं म्हणून? की मी घसरतो कधी याची वाट बघतो?

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. गिरणीतला एक सोबती हुरड्याला आपल्या शेतावर घेऊन गेला. हे मी आता जसं घडलं तसं सांगतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकलेले हिरवे गरम दाणे, लसणीची चटणी, गूळ. उसाच्या पाचटावर बसलो होतो. मग बांधापलीकडून एकाने मडकं आणलं. मी नको म्हणालो. त्याने आग्रह केला नाही, नुसतं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि दुसऱ्याशी बोलायला लागला. ते मडकं मी प्यालो. कुणी जबरदस्ती केली नाही, काही दुःखाची बातमी आली नव्हती, कुठे मन दुखलेलं नव्हतं. हुरडा गोड होता आणि मी प्यालो.

रविवारी लवंगा चघळत वखारीत गेलो. थंडीतही बगला भिजल्या होत्या. एरवी नरसय्या आधी माझा वास घ्यायचा, कारण तो सभेतला जुना. त्या दिवशी तो जवळ यायच्या आत मी उठलो आणि म्हणालो, "आज मी आधी बघतो."

नरसय्याने मुकाट्याने तोंड उघडलं. मी वाकलो. आणि मला वास आला. आंबट.

तो वास खरोखर आला होता, हे मी आजही सांगेन. पण तो कसला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, हेही आता सांगायला हवं. रविवारी सकाळी नरसय्याच्या घरी, घरच्या हातमागासाठी, सुताची पांजणी असायची. गल्लीभर ताणा पसरायचा, आंबलेल्या पेजेची खळ कुंच्याने त्यावर चढवायची, आणि चालता चालता जो दोरा तुटेल त्याची टोकं ओठांत धरून, थुंकीने ओली करून, पीळ देऊन जोडायची. सकाळभर खळीत भिजलेलं सूत तोंडात जायचं. त्याच्या नखांच्या कडांना पांढरी खळ वाळलेली होती. मी ती पाहिली. धाग्यातली गाठ वीस हातांवरून ओळखणारा माणूस मी. मी ती पाहिली, आणि न पाहिल्यासारखं केलं. तो दाराशी गेला की माझा वास घ्यायला कुणी उरणार नव्हतं.

"कोरा नाही," मी म्हणालो.

मग रेवणप्पा उठला, त्याने वास घेतला. दुसऱ्याने घेतला. तिसऱ्याने घेतला. त्यांतले निम्मे विणकर होते. खळीचा वास त्यांच्या आईच्या पदराला होता, त्यांच्या अंथरुणाला होता. पण त्या घटकेला त्यांच्या नाकांनाही शिंदीच आठवली. एकाने नाव ठेवलं की उरलेल्यांच्या नाकाला तेच सुचतं. एकेकाने मान हलवली.

नरसय्या बोलला नाही. त्याला बोलताच येत नव्हतं, कारण आपल्याबद्दल आपण बोलायचं नाही ही तिथली रीत. "मी सकाळी पांजणीला होतो" एवढं वाक्य त्याला वाचवू शकलं असतं आणि तेवढंच त्याला मना होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य आता मी बोलायचं होतं, कारण त्याचा जोडीदार मी होतो.

मी खाली बघत राहिलो.

"बरं," रेवणप्पा म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "दाराशी जायच्या आधी मास्तरचं बघ, नरसय्या. तेवढं तर तुझं काम हाय."

नरसय्या माझ्या तोंडाशी आला. लवंगेने कुणाला फसवायचं? पिणाऱ्याला? त्याने श्वास घेतला. एरवी घ्यायचा त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. त्याच्या पापण्या अगदी जवळून दिसत होत्या, त्यांच्यावरही खळीचा एक बारीक पांढरा कण होता.

"कोरा," तो म्हणाला, आणि जाऊन दाराशी बसला.

मी संक्रांतीला मोहोळला जायला निघालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. रखमाला दुसऱ्याचा शब्द हवा होता. सभेच्या रिवाजाप्रमाणे तो शब्द जोडीदारानेच द्यायचा. आणि माझा जोडीदार तर मीच दाराशी बसवला होता. रेवणप्पा म्हणाला, "न्या त्यालाच. तुमच्या मंडळींना त्याचा शब्द चालंल का, ते त्यांनी बघावं."

नरसय्या लगेच निघाला. आगगाडीत आम्ही समोरासमोर बसलो. खिडकीबाहेर ज्वारी मागे सरत होती. मी म्हटलं, "थंडी आहे." तो म्हणाला, "हाय." एवढंच.

सासऱ्यांच्या अंगणात त्याने मला ओसरीवर बसायला सांगितलं आणि रखमाला म्हणाला, "आक्का, हिकडं या जरा." दोघं पलीकडे लिंबाखाली उभी राहिली. मला ओठ दिसत होते, शब्द पोचत नव्हते. ती काहीतरी विचारी. तो मान हलवी. मग तिने आतून वाडगाभर आंबील आणून त्याला दिली. तो उभ्यानेच प्याला. काय सांगतो हा? सूड घेतो की काय? का तिथेही "कोरा"च म्हणतो, आणि माझा संसार एका खोट्या शब्दावर पुन्हा उभा करून देतो?

रखमा माझ्यासमोरून आत गेली. पेटी घेऊन, पोरीचा हात धरून बाहेर आली. "चला," म्हणाली.

मी त्यानंतर प्यालो नाही. हेही माझ्याबद्दल मीच सांगतो आहे, तेव्हा वाचणाऱ्याने त्याला किती किंमत द्यायची ते ठरवावं. नरसय्या पुढे कितीतरी रविवार दाराशी बसला आणि नव्या माणसासारखा पहिल्यापासून चढत आला. दर रविवारी मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचो, त्यात खळ असायची, आणि मी म्हणायचो, "कोरा." आता कुणाला काही आंबट वाटत नव्हतं! त्या एका रविवारबद्दल मात्र मी वखारीत तोंड उघडलं नाही. मग शहराचे दिवस पालटले. धरपकड सुरू झाली, चार माणसं एकत्र बसली की पोलीस विचारायला यायला लागले. लाकडाच्या वखारीत दर रविवारी गिरणीकामगार जमतात आणि एकमेकांची तोंडं हुंगतात, हे कोणत्या फौजदाराला पटणार? सभा मोडली. रेवणप्पा वारला. मी नरसय्याच्या गल्लीतून जायचं सोडलं. पहाटे बाहेर पडलो तरी लांबचा रस्ता धरायचो. रखमाकडे बघताना मनात एकच यायचं, हिला ठाऊक नाही. आणि मग, ठाऊक असेल तर?

दारू सुटली, पण उजेडासमोर धरून बघायची खोड सुटली नाही.

परवा आंबील वाढताना रखमा हसली. मी वाडगा नाकाशी नेला होता. ती म्हणाली, "नरसय्या म्हनला व्हता तसंच. मास्तरांचं नाक चांगलं हाय आक्का, पर लई भ्यालेलं हाय."

"कधी म्हणाला?"

"मोहोळला. लिंबाखाली."

इतक्या वर्षांत त्या लिंबाचं नाव आमच्या घरात निघालं नव्हतं. मी वाडगा खाली ठेवला. "आणखी काय म्हणाला?"

"म्हनला, आदल्या शनवारी मास्तर प्याले व्हते. मी सबेत बोललो न्हाई, तुमास्नी सांगतो, कारन तुमाला त्यांच्यासंगं ऱ्हायाचं हाय."

चुलीत एक लाकूड सरकलं. तिने ते पुन्हा आत ढकललं.

"मग तू आलीस कशी?"

"मी इचारलं की, पुन्ना पितील का? तर म्हनला, म्हाईत न्हाय. मी बगत ऱ्हातो." तिने पदराने हात पुसले. "तुमी असता तर म्हनला असता, कदी न्हाय, मरंपतुर न्हाय. मग मी आले नसते. त्यो 'म्हाईत न्हाय' म्हनला, म्हनून आले."

"हे आजवर का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं का कदी? संशेव घेत ऱ्हायला नुसता. इचारायचं सोडून."

काल सकाळी मी त्या गल्लीत गेलो. ताणा पसरलेला होता, पांढरा, ओला, उन्हात चकाकणारा. नरसय्या आता पार वाकला आहे. गिरणी सुटली त्याची, पण हात कुंच्यावर आहे. मला पाहून तो थांबला नाही. मी ताण्याच्या कडेने त्याच्याबरोबर चालत राहिलो, तो पूर्वी भोंग्यानंतर माझ्याबरोबर चालायचा तसा.

"त्या रविवारी तुझ्या तोंडाला खळीचा वास होता," मी म्हणालो. "मला कळलं होतं. नखंही दिसली होती."

"व्हय."

"आणि माझ्या तोंडाला शिंदीचा."

"लवंगेचा बी," तो म्हणाला. "लई लवंगा खाल्ल्या होत्या तुमी."

"मग कोरा का म्हणालास?"

एक दोरा तुटला. त्याने टोकं ओठांत धरली, पीळ दिला, दोरा जुळला. मग त्याला बोलायला तोंड मोकळं झालं. "दोघंबी दाराशी बसलो असतो तर मोहोळला कोन गेलं असतं, मास्तर?"

त्याने कुंचा हंड्यात उभा केला, धोतराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तोंड बघू."

भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, पन्नाशी उलटलेल्या माणसाने, मी, तोंड उघडलं. तो वाकला, दमाने श्वास घेतला.

"आल्याचा चहा," तो म्हणाला. "तुमच्या घरात आलं लई घालतात." आणि परत कुंच्याकडे वळला.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि तिथेच उभा राहिलो. आमच्या घरात आलं जास्त घालतात हे याला काय ठाऊक? तो आमच्याकडे आलेला मी कधी पाहिला नाही. जुनी खोड सरसरून वर आली. मी मनातल्या मनात ते वाक्य उजेडासमोर धरलं, आडवं ओढलं, उभं ओढलं. रखमाने माझ्या अपरोक्ष याला चहा दिला? कधी? कशासाठी? घर येईपर्यंत माझ्या डोक्यात तीन कारणं तयार होती आणि तिन्ही वाईट.

रखमा दारात तीळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि, या वयात पहिल्यांदाच, नुसतं विचारलं.

"नरसय्या आपल्याकडे चहाला कधी येतो?"

तिने सूप हलवलं. "तुमी भाईर गेल्यावर. दर संक्रांतीला येतो की. गूळ घेतो, चा घेतो, इचारतो आन् जातो."

"काय विचारतो?"

"कोरं हायत का म्हनून."

सुपातले तीळ एका कडेला सरकले, खडे दुसऱ्या कडेला. बाहेर कुठेतरी काहीतरी आंबत होतं.

"मग तू काय सांगतेस?"

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला.

"म्हाईत न्हाय म्हनते. बगत ऱ्हाते."